भिगवणचा नदी सुरय: पंख जळतात, डोळा टोपीत हरवतो. नेमकं काय बदलू?

पाणकावळा
फोटो जोडला आहे. कुंभारगावच्या बाजूने, होडीतून, मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे साडेआठ. क्रॉप सेन्सरची २४ मेगापिक्सेलची बॉडी, १५०-६०० लेन्स ६०० वर. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (शटर कॅमेरा ठरवतो), एफ ६.३, आयएसओ ८००, कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मोजणीपेक्षा मुद्दाम जास्त-कमी उजेड) +०.७. कॅमेऱ्याने शटर १/१२५० सेकंद घेतला. पंखांच्या खालच्या बाजूला पिसांचा तपशील उरलेला नाही, डोळा डोक्यावरच्या काळ्या पिसांच्या टोपीत दिसत नाही आणि डोकं थोडं मऊ वाटतंय. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे. मोकळेपणाने चुका सांगा.

तांबट
आधी एक्स्पोजर, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. "पांढऱ्या पक्ष्याला प्लस द्या" हा सल्ला पक्ष्याने फ्रेम भरली असेल तरच खरा. तुमच्या फ्रेममध्ये सुरय जेमतेम वीसावा हिस्सा व्यापतो, बाकी सगळं गडद पाणी. मीटर (कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग) त्या पाण्याला उजळवायला बघतो, त्यावर तुम्ही आणखी +०.७ दिलंत. पांढरं जळणारच.

शिवाय हाच पक्षी वर आला की मागे पाण्याऐवजी आकाश येतं आणि मीटर उलट्या दिशेला जातो. पक्ष्यावरचा उजेड मात्र तोच असतो. म्हणून इथे पूर्ण मॅन्युअल, आयएसओसुद्धा ठरावीक. ऑटो आयएसओ ठेवलात तर तीच अडचण मागच्या दाराने परत येते. स्वच्छ ऊन असेल तर त्या वेळेला एफ ६.३, आयएसओ ४००, १/२५०० पासून सुरुवात करा. काठावरच्या बगळ्यावर एक फ्रेम मारा आणि हायलाइटची लुकलुक (जळलेले भाग पडद्यावर लुकलुकतात ती) बघा. पिसांवर मोठा पट्टा लुकलुकत असेल तर शटर १/३२०० करा. एखाद-दोन ठिपक्यांची काळजी नको. ती सूचना जेपेगवरून येते, रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. ढग आला की पुन्हा तपासा.

गप्पीदास
मऊपणाबद्दल. फाइल शंभर टक्के मोठी करून तीन गोष्टी बघा. चोचीच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील तर शटर कमी पडला. डोकं मऊ, पण पुढची किंवा मागची लाट खणखणीत असेल तर फोकस चुकला. आणि एकही जागा धड शार्प नाही, कडा थरथरल्यासारख्या, पाठोपाठच्या सगळ्या फ्रेममध्ये तेच, तर ती पाण्यावरची गरम हवा. त्यावर शटरचा किंवा सॉफ्टवेअरचा इलाज नाही; लवकर निघायचं आणि अंतर कमी करायचं.

तुमच्या फोटोत मला पहिलं कारण दिसतं. सूर मारणाऱ्या सुरयाला १/१२५० अपुरा आहे. होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट लेन्समध्ये येते. नावाड्याला इंजिन बंद करून वल्ह्यावर यायला सांगा, खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा.

डोळ्याचा प्रश्न एडिटिंगचा कमी आणि जागेचा जास्त. सुरय पाण्यावर घिरट्या घालतो तो वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी येतील अशी होडी लावलीत तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून थबकतो आणि ऊन थेट डोळ्यात पडतं. टोपी काळी आणि डोळाही काळा, त्यामुळे ती चमक नसेल तर डोळा वेगळा दिसतच नाही. दोन्ही जमत नसेल तर सूर्याला प्राधान्य.

धनेश
या फाइलचं आता काय करता येईल ते सांगतो. लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) धरून चाललोय.

नॉइज (फोटोतले दाणे) काढणं सर्वांत आधी, मूळ रॉवर. मग एक्स्पोजर −०.७, हायलाइट्स −४० च्या आसपास. व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट की दाबून ओढा, जळलेले पिक्सेल पडद्यावर दिसतात. तिन्ही रंगांत जळलेला भाग परत येणार नाही. तिथे स्लायडर आणखी खेचला तर पांढऱ्याचा राखाडी चिखल होतो, तेवढा भाग पांढराच सोडा. डोक्यावर छोटा मास्क (फक्त तेवढ्याच भागाची निवड) घेऊन शॅडोज +३० पुरे. खोटी चमक रंगवू नका.

शार्पनिंगमध्ये मास्किंग ७०-८० ठेवा, म्हणजे पाणी दाणेदार होत नाही. पंखांवर क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) लावूच नका, कडेला उजळ रेघ उमटते. तुमच्या फोटोत ती आत्ताच दिसतेय.

क्रॉप फार कडक आहे. १५०० पिक्सेल रुंदी उरली तर कोणतंही एडिटिंग तोकडं पडतं. डोक्यापुढे जागा वाढवा. एक्स्पोर्ट एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल.

पाणकावळा
धन्यवाद. चोच खरंच ओढलेली आहे. १/२५०० ला उजेड कमी पडला तर आधी काय सोडू, आयएसओ की शटर?

गप्पीदास
आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. नॉइज निघतो, हललेली चोच सरळ होत नाही.

तांबट
आणखी एक. मार्च म्हणजे सुरयांच्या विणीचे दिवस. अंडी उघड्या वाळूवर, खडकाळ बेटांवर असतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले तर होडी लगेच मागे घ्यायला लावा. पालक उठले की अंडी उन्हात भाजतात, कावळे टपलेलेच असतात. थवा उडवून देतो असं नावाडी आपणहून म्हणाला तरी स्पष्ट नाही म्हणा.