सॅन्ट्रो झिंग १.१ : टायमिंग बेल्ट घरी बदलावा की मेस्त्रीकडे द्यावा?

सांखळी_सॅन्ट्रो

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची सॅन्ट्रो झिंग, पेट्रोल, ८२ हजार किलोमीटर. सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवणारा दातेरी पट्टा) कधी बदललाय की कंपनीतलाच आहे, याचा काहीच कागद नाही. रोजची धाव सांखळी-पणजी आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव.

वरचे प्लॅस्टिक कव्हर काढून बेल्ट बघितला. चिरा नाहीत, दात शाबूत दिसतात. एका गॅरेजवाल्याने नुसत्या बेल्टचा भाव सांगितला. दुसरा म्हणतो बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली), सील (तेल अडवणारी रबरी कडी) सगळेच बदला, आणि त्याचा आकडा जवळपास दुप्पट आहे. ब्रेक पॅड, प्लग, कूलंट ही कामे मी घरीच करतो. अर्धा इंची गोटी सेट आहे, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) नाही. हे काम घरी जमण्यासारखे आहे का? आणि बेल्ट चांगला दिसत असताना बदलायची गरज आहे का?

---

फोंड्याचा_पाना

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बेल्ट दिसायला चांगला आहे, याला काही अर्थ नाही. जुन्या काळचे निओप्रीनचे बेल्ट तुटण्याआधी चिरा दाखवायचे. आताचे एचएनबीआर रबराचे बेल्ट वरून काळेभोर, गुळगुळीत दिसतात आणि आतला काचतंतूंचा दोर मात्र थकलेला असतो. शिवाय बेल्ट स्वतःहून क्वचितच तुटतो. बहुतेक वेळा टेन्शनर किंवा आयडलरचे बेअरिंग जाम होते, सीलमधून तेल गळून रबर फुगते, नाहीतर बेल्टवर चालणारा वॉटर पंप अडकतो. म्हणून दुसरा गॅरेजवाला बरोबर सांगतोय. नवा बेल्ट जुन्या बेअरिंगवर चढवला तर मजुरी भरली आणि धोका आहे तिथेच राहिला.

ज्या बेल्टचा इतिहास माहीत नाही तो संपलेला धरायचा. कंपन्या किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात, आणि जी आधी संपेल ती धरायची असते. २०१० च्या गाडीत मूळचाच बेल्ट असेल तर किलोमीटर बघायचेही कारण नाही.

हे इंजिन १२ व्हॉल्व्हचे, एका कॅमचे (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). चालू गाडीत बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, पिस्टन मात्र येत राहतात आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवणे, व्हॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे), असे काम वाढत जाते. क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅम १५०० वर फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतक्या वेगात सावरायला वेळच मिळत नाही. चोर्ल्यात हे झाले तर एकीकडे केरी-सांखळी, दुसरीकडे बेळगाव, मध्ये टोइंगची वाट बघत बसायचे. पुढची बेळगाव फेरी बेल्ट बदलूनच करा.

आता घरी की बाहेर. बोल्ट खोलता येणे ही यातली कसोटी नव्हे, ते तुम्हाला जमेल. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे शांतपणे तपासायची तयारी आणि त्यासाठी लागणारा वेळ आहे का, ते बघा. खुणा जुळल्या नाहीत तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. संध्याकाळी गाडी लागणारच असेल तर त्या दिवशी हात घालू नका.

कामाचा क्रम असा. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. पट्ट्यांच्या बाजूचे पुढचे चाक काढायचे (सॅन्ट्रोत ड्रायव्हरच्या बाजूचे), आतला चिखलरोधक पत्रा काढायचा. चारही प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि इंजिन हाताने सहज फिरते. उघडी भोके स्वच्छ फडक्याने झाका. मग अल्टरनेटर, एसी, स्टिअरिंगचे बाहेरचे पट्टे उतरवा. कसा पट्टा कुठून गेलाय त्याचे फोटो आधी काढा.

क्रँक पुलीचा बोल्ट अडतो. गाडी पाचव्या गियरमध्ये, आत बसून कोणीतरी ब्रेक घट्ट दाबलेला, आणि बाहेरून लांब दांड्याने एकच सलग जोर. दांडा जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती यूट्यूबवर दिसते, ती करू नका. दांडा सटकला तर हात मोडतो किंवा रेडिएटर फुटतो. बोल्ट थोडा ढिला झाला की पुली लगेच काढू नका. आधी गाडी न्यूट्रलला आणून त्याच बोल्टवरून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे पुलीकडून बघता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा. कॅमवरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आणि क्रँक स्प्रॉकेटची (क्रँकवरच्या दातेरी चाकाची) खूण ऑइल पंपाच्या केसिंगवरच्या खुणेसमोर आणायची आहे. कॅमची खूण क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच येते. क्रँक जुळली आणि कॅम उलट बाजूला दिसली तर अजून एक फेरी.

त्या बाजूचे इंजिन माउंटिंग (इंजिन बॉडीला धरणारा आधार) सोडायच्या आधी इंजिनला खालून टेकू लागतो. ऑइल चेंबरखाली जॅक थेट लावला तर पत्रा दबून तेल ओढणारी जाळी अडते. मध्ये रुंद लाकडी फळी घाला.

खुणा जुळल्या की जुना बेल्ट जागेवर असतानाच त्यावर आणि कॅम-क्रँकच्या दोन्ही दातेरी चाकांवर पांढऱ्या रंगाने रेघा मारा, मग टेन्शनर सोडून बेल्ट काढा. दोन खुणांमधले दात मोजून त्याच रेघा नव्या बेल्टवर उतरवा. बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक एकटे फिरवायचे नाही. कॅम व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर कधी झटका घेऊन सरकतो. तसे झाले तर पान्याने हळूच, जवळच्या वाटेने परत आणायचा.

नवा बेल्ट क्रँकपासून चढवा आणि टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवा. ढिलेपणा असेल तो सगळा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. बेल्ट स्क्रूड्रायव्हरने ढकलून बसवू नका, दुमडू नका, त्यावर तेल, ग्रीस, पेट्रोल काही लागू देऊ नका. टेन्शनरला एका बाजूला बिजागरीचा आणि दुसऱ्या बाजूला लांबट खाचेचा बोल्ट असेल तर आधी खाचेचा बोल्ट आवळायचा, मग बिजागरीचा. उलट केले तर आवळताना टेन्शनर फिरतो आणि बेल्ट जास्त ताणला जातो. मग दोन पूर्ण फेरे, हाताने, पुढच्याच दिशेने. कुठे कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा, जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो. हाताच्या जोराने टेकला तर सहसा काही बिघडत नाही, स्टार्टरने टेकला तर वाकतो.

टॉर्क रेंचशिवाय हे काम करू नका. क्रँकचा बोल्ट अंदाजाने आवळला आणि कमी पडला तर पुली हलते, तिला क्रँकवर अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच खाते आणि मग क्रँकच बिघडतो. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, कोणाच्या सांगण्यावरून नको. रेंच विकत नको असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी आणा.

---

पेडणे_गॅरेज

वरचे सगळे बरोबर. आपल्याकडच्या परिस्थितीबद्दल थोडी भर घालतो.

किनाऱ्याजवळ वावरलेल्या गाडीचा क्रँक बोल्ट आणि माउंटिंगचे बोल्ट खाऱ्या हवेने धरून बसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, पण बेल्टच्या कव्हरपासून लांब. सांखळी-डिचोली-उसगाव भागातल्या गाड्यांत खनिजाची लाल धूळ बेल्टच्या कव्हरमध्ये साचलेली असते, विशेषतः खालचे कव्हर तडकलेले असेल किंवा आधीच्या मेस्त्रीने त्याचे दोन बोल्ट लावलेच नसतील तेव्हा. ही धूळ दातांच्या मुळाशी पॉलिश पेपरासारखी घासत राहते. कव्हर फुटके असेल तर नवीनच घ्या, आणि कोरड्या ब्रशने सगळे साफ केल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका. हवा मारायची असेल तर ती जुना बेल्ट जागेवर असतानाच मारा. नाहीतर धूळ सीलच्या ओठात शिरते.

जमीन सिमेंटची हवी. चिऱ्यांच्या किंवा मातीच्या अंगणात जॅक एका बाजूला खचतो, आणि पावसाळ्यात तर हमखास. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, दोन स्टँड लावाच. जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम नको, कारण अर्ध्यात पाऊस आला तर उघडे इंजिन हलवताही येत नाही.

सामानाबद्दल. म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या पार्ट्सच्या दुकानात चेसिस नंबर देऊन मागा, "सॅन्ट्रोचा बेल्ट" एवढेच सांगू नका. जुन्या सॅन्ट्रोचे १.० इंजिन आणि झिंगचे १.१ यांत गल्लत होते. ह्युंदाईचा मोबिस, किंवा गेट्स, डायको, कॉन्टिनेन्टल यांपैकी, सीलबंद खोक्यातला घ्या. नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दातांची संख्या, रुंदी आणि दातांचा आकार तिन्ही ताडून बघा. दात गोल की चौकोनी हा फरक नजरेत पटकन भरत नाही, पण चुकीचा दात लवकर झिजतो. बेल्ट, टेन्शनर, त्याची स्प्रिंग, आयडलर, कॅम सील, पुढचे क्रँक सील, एवढे एकदम घ्या. सील स्वस्तात येतात आणि ते बदलायला हेच सगळे खोलकाम पुन्हा करावे लागते. सील बसवताना ओठाला इंजिन ऑइलचे बोट लावा आणि जुने होते तेवढेच आत ठोका. कोरडे सील लवकर जळते.

वॉटर पंप कोणत्या पट्ट्यावर चालतो ते बघा. टायमिंग बेल्टवर असेल तर बदलाच. बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर त्याच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट झिरपल्याचा पांढरा-हिरवा डाग आहे का आणि पुली हाताने हलते का, एवढे तपासा. पंप काढलाच तर कूलंट ५० टक्के आणि डिस्टिल्ड वॉटर ५० टक्के. विहिरीचे पाणी नको, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या भरतात.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा करताय आणि टॉर्क रेंच नाही, तर सामान स्वतः आणा आणि काम मेस्त्रीकडे करून घ्या. मात्र समोर उभे राहा. तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा: जुने सगळे भाग परत द्यायचे, बेल्ट चढल्यावर स्टार्टर मारायच्या आधी हाताने दोन फेरे तुमच्यासमोर फिरवायचे, आणि क्रँक बोल्ट इम्पॅक्ट गनने नव्हे तर टॉर्क रेंचने आवळायचा. यातल्या कशालाही जो मेस्त्री "गरज नाही" म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडू नका. चांगल्या हाताला हे तीन-चार तासांचे काम आहे. तासाभरात करून देतो म्हणणारा सील आणि आयडलरला हातही लावणार नाही.

---

डिझेल_मडगाव

हा धागा डिझेलवालेही वाचतील म्हणून लिहितो. डस्टर, टेरानो, सनीचे १.५ डीसीआय किंवा पोलोचे १.५ टीडीआय असेल तर सॅन्ट्रोची ही पद्धत तिथे वापरू नका. डीसीआयमध्ये कॅम ८ मिलिमीटरच्या पिनेने आणि क्रँक ब्लॉकमध्ये आटे असलेल्या पिनेने जागच्या जागी अडकवावा लागतो. पांढऱ्या रेघांवर भागत नाही. त्याच बेल्टवर डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही चालतो, म्हणून किट पंपासकट घ्यावे. क्रँकचा बोल्ट नवाच लावायचा आणि आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश अशा दोन टप्प्यांत आवळायचा. आणि पिना फक्त जागा धरून ठेवण्यासाठी असतात. पिन लावून ठेवून बोल्ट सोडायला गेलात तर पिन वाकते किंवा ब्लॉकचे आटे जातात. पिनांचा सेट नसलेल्या गॅरेजकडे हे इंजिन देऊ नये, स्वतः तर नाहीच.

आणि आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे का ते तरी बघा. स्विफ्टचे १.३ डिझेल, मारुतीची के सिरीज, ह्युंदाईची कप्पा, होंडाची आय-व्हीटेक या इंजिनांत बेल्टऐवजी चेन आहे. जुनी अल्टो ८००, जुनी वॅगन आर १.१, आय-टेनचे १.१, इनोव्हाचे २.५ डिझेल यांत बेल्ट आहे.

---

सांखळी_सॅन्ट्रो

सगळ्यांचे आभार. टॉर्क रेंच मिळतोय, सिमेंटची शेड आहे, दोन दिवस गाडी नसली तरी चालेल. म्हणजे घरीच करायचा विचार आहे. एक शंका राहिली. दोन फेऱ्यांनंतर खूण बरोबर समोर न येता अर्धा दात पुढे-मागे दिसली तर ते चालते की पुन्हा उतरवायचे?

---

फोंड्याचा_पाना

बेल्ट अर्धा दात चुकू शकत नाही, चुकला तर पूर्ण दातच चुकतो. क्रँकला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि तो फरक कॅमकडे स्पष्ट दिसतो. अर्धा दात दिसण्याची कारणे दोन. एक, बघायचा कोन. कॅमची खूण वरून तिरकी बघितली तर ती सरकलेली भासते, म्हणून डोळा पुलीच्या बरोबर समोर हवा किंवा मोबाइल तिथे धरून फोटो काढा. दोन, ताठ ठेवायच्या बाजूला थोडा ढिलेपणा राहिलाय. टेन्शनर सोडा, इंजिन पुढच्या दिशेने थोडे फिरवून खेच येऊ द्या, पुन्हा आवळा आणि पुन्हा दोन फेरे. खूण गाठताना पुढे गेलात तर मागे फिरवू नका, आणखी दोन फेरे देऊन परत या. मागे फिरवले की ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो.

काहीही सोडायच्या आधी, जुन्या बेल्टवर खुणा जुळवलेल्या असतानाच, समोरून कॅम आणि क्रँक दोन्हींचे फोटो काढून ठेवा. कंपनीतून आलेल्या इंजिनातही खुणा कधी केसभर पुढे-मागे असतात. तुमच्या इंजिनाची मूळची खूण नेमकी कुठे होती ते त्या फोटोत दिसेल, आणि काम झाल्यावर ताडायला तोच आधार.

चालू केल्यावर बारीक शिटीसारखा आवाज वेगाबरोबर चढत गेला तर बेल्ट जास्त ताणलाय. कव्हरवर थपथप आपटल्यासारखे वाजले तर ढिला आहे. आयडल थरथरले, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ००१६ कोड (कॅम-क्रँकचा मेळ बसत नाही असे सांगणारा) आला तर बहुधा एक दात चुकलाय, गाडी तिथेच बंद करा. यांपैकी काही नसेल तर आधी सांखळीतच फिरवा, थंड झाल्यावर सीलजवळ तेल आणि पंपाजवळ कूलंट बघा. बाहेरचे नवे पट्टे घातले असतील तर ते पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतात, ते एकदा ताणून मगच चोर्ल्याकडे वळवा.