मदत हवी आहे : प्रीतीने सत्य बोलणे तरुणांना कसे शिकवावे?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतील तरुणांसाठी रोजच्या बोलण्यातील दयाळूपणावर अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात प्रेषित पौल प्रीतीने सत्य बोलण्यास आणि ऐकणाऱ्याची उन्नती होईल असेच शब्द तोंडातून काढण्यास सांगतो. परंतु घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाची चूक दाखवावी लागते, तेव्हा गोड बोलण्याच्या नादात सत्यच गिळले जाते, नाहीतर सत्याच्या नावाखाली समोरच्याचा अपमान होतो (हा दुसरा प्रकार, माझ्या मते, आपल्यासारख्या श्रद्धावंतांत अधिक आढळतो). बायबलमधील याकोबाच्या पत्रातला जिभेविषयीचा इशारा (जीभ लहान असली तरी मोठा नाश करू शकते) तरुणांना ठाऊक आहे, पण रागाच्या क्षणी नेमके काय म्हणावे, हे त्यांना सुचत नाही. यासाठी आपण कोणती वचने, उदाहरणे किंवा संवादाचे सराव उपयोगात आणले आहेत, हे कृपया सविस्तर लिहावे.