जागतिकीकरणावर प्रोजेक्ट: लायब्ररीत की काजूच्या कारखान्यात?

माडाखालचा
भाची बी.ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचं म्हणते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असले तरच ती वाट मिळते, पण तेवढे पडतील असं दिसतंय. सरांनी सुचवलेला विषय: 'जागतिकीकरण आणि भारतीय अर्थव्यवस्था'. मी म्हटलं, हा विषय नव्हे, हा अख्खा दर्या झाला. आमच्या वाडीच्या मागे काजूचा कारखाना आहे, तिथे जाऊन बस. बी आयव्हरी कोस्टची, बेनिनची, सोलणाऱ्या बायका आमच्या आणि गराला नंबर डब्ल्यू-३२०. म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस गर! सिंधुदुर्गात आज कोण पौंडात मोजतं? पण गिऱ्हाईक जगाचं, म्हणून माप जगाचं. १९९१ च्या आर्थिक सुधारणा आणि डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, यांवर आणखी एक चाळीस पानी कॉपी-पेस्ट कशाला? माझं ठाम मत आहे, तुमचं सांगा.

आकडेमोड
मत गोड आहे, पण अर्थशास्त्र नाही. एका कारखान्यातून काय सिद्ध होणार? २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरची आयात ड्युटी ५ वरून २.५ टक्क्यांवर आली. समजा त्यानंतर बागायतदाराचा भाव पडला. ड्युटीमुळे पडला की इतर कशाने? २०२० ला लॉकडाऊन, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ, मोहोराच्या वेळचा अवकाळी पाऊस तर पाचवीला पुजलेला. विशीतली मुलगी हे वेगळं काढणार कसं? त्यापेक्षा देशादेशांतल्या व्यापाराचा सिद्धांत मांडणारा अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो नीट वाचू दे. १८१७ मधलं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन पक्की समजली तरी पुष्कळ.

माडाखालचा
पोर्तुगालचं नाव काढलंत ते बरं झालं. काजू ब्राझीलहून इकडे आणला त्यांनीच! रिकार्डो वाचूच दे, पण वाचून कारखान्यात जाऊ दे. व्हिएतनामने यंत्रं बसवली आणि गराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकलं. आपल्याकडे अजून बाई एका हाताने बी धरते, दुसऱ्या हाताने कटर दाबते आणि गर अख्खा निघाला तर पैसे, तुकडा झाला तर कमी. रिकार्डोचा तुलनात्मक लाभ, म्हणजे ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने करावं, म्हणतात तो त्या अख्ख्या-तुकड्याच्या फरकात दिसतो.

दर्यावर्दी
काजू कशाला? अंजनवेलला जा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प! १९९३ चा करार, १९९५ ला रद्द, १९९६ ला नव्याने सुरू, २००१ ला वीज बंद आणि त्याच वर्षाअखेर कंपनीच दिवाळखोर. याहून मोठं जागतिकीकरण कोकणाने बघितलेलं नाही.

आकडेमोड
त्यात पोरगी बुडेल. वीजखरेदी करार वाचता वाचता वर्ष संपेल.

कारखानदारीण
मी छोटा कारखाना चालवते, म्हणून बोलते. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची सहा मुलं आली. प्रत्येकाकडे फॉर्म. 'जागतिकीकरणाचा आपल्या व्यवसायावर परिणाम झाला का? होय / नाही.' बायकांचे हात चिकाने काळे, त्यात धंद्याची वेळ आणि ही पोरं पेन पुढे करतायत. एकीने विचारलं, जागतिकीकरण म्हणजे काय गो? पोराला सांगता येईना. शेवटी फॉर्म मुलांनी स्वतःच भरले, माझ्याच टेबलावर बसून. असं संशोधन होणार असेल तर लायब्ररीच बरी.

पण एक सांगते. आमची बी मे अखेर संपते. पश्चिम आफ्रिकेची साधारण त्याच सुमारास येते, म्हणून बागायतदार चिडतो. टांझानियाची मात्र ऑक्टोबरनंतर निघते. तिच्यावर बायकांना हिवाळ्यात काम मिळतं. आयात वाईट म्हणणाऱ्यांनी कुठली आयात, कुठल्या महिन्यातली, हे आधी विचारावं. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही मी हे, खरेदीच्या वहीत आहे.

शिरगावची सून
आमच्या घरात सासऱ्याची बाग आणि मी कारखान्यात सोलूक जातंय. सासऱ्याक बियेचो भाव वाढलेलो व्हयो, शेठाक कमी. शेठाक परवडला नाय तर माझा काम जाता. आता सांगा, जागतिकीकरण आमच्या चुलीच्या खंयच्या बाजूक बसता?

आकडेमोड
ताई, हा प्रश्न खरंच चांगला आहे. टक्केवारीत येणार नाही तो. तेवढं मागे घेतो, बाकीचं नाही. भाचीला कार्यकारण दाखवायचंच असेल तर काजूपेक्षा हापूस घ्यावा. युरोपियन युनियनने फळमाशीवरून मे २०१४ पासून आंबा बंद केला, जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. सुरुवात-शेवट ठरलेला. वाशीच्या मार्केटचे आधीचे-नंतरचे भाव लावून बघावेत. काजूच घ्यायचा तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढावा आणि फॉर्म घरीच ठेवावेत.

माडाखालचा
भाचीला सगळं वाचून दाखवलं. हापूस नको म्हणाली, आंब्यावर सगळेच करतात. शीर्षक कापून आता 'कच्च्या काजूची खरेदी: एका कारखान्याची तीन वर्षं' एवढंच उरलंय. सरांना फार लहान वाटतंय. कारखानदारीण ताई, वही बघायला मिळेल का?

कारखानदारीण
गणपतीनंतर पाठवा. एकटीलाच. आणि पहिले दोन दिवस नुसतं सोलायला बसायचं, वही तिसऱ्या दिवशी.