विषय: गणपतीची गाणी – ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यायचं की गाणी विकत घ्यायची?

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

गणपतीला पाच आठवडे राहिलेत आणि गाण्यांचं अजून काहीच ठरलेलं नाहीये. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, हॉल तळघरात, फोनला रेंज नाही, मुलं लेझीम हातात घेऊन रांगेत उभी आणि स्क्रीनवर नुसतं ते गोल गोल फिरतंय. शेवटी एका आजोबांनी टाळ घेऊन ठेका धरला म्हणून मुलं खेळली तरी. यंदा तसं अजिबात नको. माझ्या मनात असं आहे की मंडळातर्फे एखाद्या ॲपचं प्रीमियम घ्यावं, सगळं आधीच डाउनलोड करून ठेवावं, म्हणजे नेटचा प्रश्नच येणार नाही. मराठी जास्त कुठे मिळतं? साउंड बघणाऱ्या काकांनी प्लीज सांगा.

---

प्रेषक: साउंडवाले काका

अगं, पाच आठवडे आहेत म्हणजे अजून हातात वेळ आहे, पण प्रीमियमवर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो. मागच्या वर्षी तो फोन माझ्याच हातात होता आणि त्यात सगळी गाणी डाउनलोड केलेली होती! घरी दोनदा वाजवून बघितली होती. हॉलमध्ये ॲप उघडलं तर ते लॉगिन मागायला लागलं, आणि तळघरात लॉगिन कुठून करणार? त्या मुलांचे चेहरे मला वर्षभर आठवतायत.

ॲपमधलं डाउनलोड म्हणजे गाणं आपलं झालं असं नाही. गाणं कुलूप लावून फोनमध्ये ठेवलेलं असतं आणि किल्ली कंपनीकडे. तुम्ही महिन्याचे पैसे थांबवलेत की ते वाजायचं बंद. पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही. शिवाय कंपनीचा करार संपला तर एखादा अल्बम यादीतून गुपचूप नाहीसा होतो. घरी भांडी घासताना ऐकायला ही ॲप उत्तम आहेत, मी स्वतः वापरतो, पण कार्यक्रमाला फाइलच हवी.

फाइल विकत मिळते हे आपल्यातले बरेच जण विसरूनच गेलेत. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर, म्हणजे गाणी विकणारं ऑनलाइन दुकान, २००३ मध्ये सुरू झालं ते अजून चालू आहे. आधी त्यातल्या फाइलींनाही कुलूप असायचं, २००९ पासून ते काढलं, आता विकत घेतलेलं गाणं २५६ केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला) साधी फाइल म्हणून मिळतं, कितीही कॉपी करा. आपल्या इथे अमेरिकेत गाणं ६९ सेंट, ९९ सेंट किंवा १ डॉलर २९ सेंट. मॅकवर म्युझिक ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोअर दाखवा अशी खूण करावी लागते, नाहीतर ते दिसतच नाही आणि लोकांना वाटतं बंद झालं. विंडोजवाल्यांनी जुनं आयट्यून्स टाकलं तरी चालतं. ॲमेझॉनवरही एमपी३ विकत मिळतात.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आयट्यून्सवर दहा मिनिटांपेक्षा मोठी ट्रॅक बऱ्याचदा एकटी मिळत नाही, अख्खा अल्बम घ्यावा लागतो, त्यामुळे किशोरीताईंचा एखादा मोठा ख्याल हवा असेल तर आधी अल्बमची किंमत बघा. आणि ज्यांना सीडीइतका आवाज हवा त्यांनी कोबझ बघा, फ्रेंच कंपनी आहे, अमेरिकेत २०१९ पासून आहे, तिथे फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता ठेवलेली फाइल विकत मिळते. बँडकॅम्पवरही फ्लॅक मिळतं, आणि तिथे डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के हिस्सा साइट ठेवते, कार्डाचा खर्च वेगळा, बाकीचे पैसे कलाकाराकडे जातात. एचएमव्हीचा, म्हणजे आताच्या सारेगामाचा जुना खजिना काही तिथे मिळणार नाही, पण नवीन स्वतंत्र गाणारी मंडळी असतील तर मी त्यांचं तिथूनच घेतो.

हॉलसाठी मात्र सगळं एमपी३ करूनच आणा, तिथल्या प्लेअरने फ्लॅक ओळखलं नाही तर परत तीच पंचाईत.

---

प्रेषक: खजिनदार

काका, पटलं. हिशोब करून बघितला, २५ गाणी धरली आणि सगळी महागातली निघाली तरी ३२ डॉलर २५ सेंट, वर टॅक्स. हे एकदाच, दर महिन्याला नाही. मी मंजूर करते.

पण काल रात्री तास-दीड तास शोधत बसले आणि मराठी शोधणं म्हणजे नुसता वैताग आहे हो. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, 'माझे' कुठे झेड लावून लिहिलंय, कुठे जे-एच लावून, कुठे मध्ये दोन ए. भीमसेनजींचा अभंग म्हणून एक उघडला तर अल्बमवर त्यांचं नाव आणि गातंय भलतंच कोणीतरी! घेण्याआधी तो छोटा तुकडा ऐकला म्हणून वाचले. माझी सगळ्यांना विनंती, यादी पाठवताना नुसतं गाण्याचं नाव पाठवू नका, गायक लिहा, जमलं तर संगीतकार पण लिहा, आणि जे गाणं मनात आहे त्याची लांबी लिहा. माझ्या आईची कॅसेट होती त्यात एक अभंग जवळजवळ वीस मिनिटांचा होता, विकायला आहे तो सहा मिनिटांचा. ते ऐकून खरंच वाईट वाटलं.

आणि एक विचारायचंय. विकत घेतलं म्हणजे हॉलमध्ये वाजवायला आपण मोकळे ना? मागच्या वर्षी आपण आरतीचा व्हिडिओ नेटवर टाकला त्याचा आवाज त्या साइटने बंद केला होता.

---

प्रेषक: साउंडवाले काका

नाही गं ताई, दोन्ही वेगळं आहे. विकत घेतलेली फाइल आपल्या स्वतःच्या ऐकण्यासाठी असते. चारचौघांत गाणं वाजवायचं तर त्यासाठी आस्कॅप, बीएमआय अशा गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स लागतं, बऱ्याच हॉलनी ते आधीच घेतलेलं असतं. हॉलच्या मॅनेजरला मी उद्याच मेल करतो, त्यांच्याकडे नसेल तर आपल्याला काय लागेल ते त्यांनाच विचारतो, चोरीमारी नको.

व्हिडिओचं असं, आरतीचे शब्द समर्थ रामदासांचे, सतराव्या शतकातले, त्यावर कोणाचाच हक्क नाही. पण आपण मागे स्पीकरवर जे रेकॉर्डिंग लावलं होतं ते कंपनीचं, ते साइटच्या मशीनने ओळखलं. आपण स्वतः पेटी-तबल्यावर म्हटली असती तर रेकॉर्डिंगचा हक्क सांगायला कोणी आलं नसतं. म्हणून माझं म्हणणं, यंदा आरती आपणच म्हणूया, सगळ्यांनी मिळून, ती डाउनलोड करायची गोष्टच नाही. विकत घ्यायची ती लेझीमची, मिरवणुकीची आणि जेवताना लावायची.

आणि कोणीतरी नक्की लिहिणार की फुकटच्या साइटवर सगळं मिळतं म्हणून आधीच सांगतो, तिथून मंडळाच्या लॅपटॉपवर काहीही उतरवू नका. त्यातली बरीच गाणी १२८ केबीपीएसची फाइल फुगवून ३२० लिहिलेली असतात, मोठ्या स्पीकरवर झांजेचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा येतो. आणि ज्याने गायलं त्याला त्यातून एक पैसा मिळत नाही.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

ठरलं मग. यादी रविवारपर्यंत पाठवा, गायक आणि लांबी लिहून. खजिनदार ताई विकत घेतील, काका दोन पेनड्राइव्हवर टाकतील, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आदल्या दिवशी हॉलमध्येच, तळघरात, फोन बंद ठेवून सगळं एकदा वाजवून बघू.

पेटी कोणाकडे आहे? मागे ज्यांच्याकडे होती ते दुसऱ्या गावी गेलेत.