मदत हवी आहे : ऊसतोडीला निघालेली सातवीतली मुलगी

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. एक मुलगी, वय 12. दिवाळीनंतर आईवडील तिलाही कारखान्यावर नेणार, धाकट्या भावाला सांभाळायला. गावात हंगामी वसतिगृह आहे, पण तिथं फक्त जेवण. झोपायचं आजीकडे, आणि आजीला नीट दिसत नाही. आई म्हणते, "ताई, पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?" तिचं मला चूक वाटत नाही. शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत बसता येतं) देता येईल, पण फडापासून शाळा लांब असली की ते पिशवीतच राहतं, हे मागच्या वर्षी पाहिलंय.

चौथ्या गृहभेटीत मुलगी हळूच म्हणाली, घरात तिच्या स्थळाची बोलणी चाललीत. ठरलेलं काही नाही. आत्ताच 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) कळवावं, की आधी ग्रामसेवकांना (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच) घेऊन आईवडिलांशी बोलावं? तक्रारीचा सुगावा लागला तर ते रातोरात निघतील, ही भीती आहे. आणि तिनं विश्वासानं सांगितलेलं मी पुढे नेणार, हे तिला आधी कसं सांगू?

अशी केस हाताळलेल्यांनी नेमकं काय केलं ते कृपया लिहा. टोळी पंधरा दिवसांत निघेल.