संत्र्याच्या मुलखात पाहुण्याला काय दाखवाल? आणि केव्हा?

मोर्शीकर वहिनी

माझी धाकटी नणंद नाशिकला असते. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तर तिनं आम्हाला गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागा दाखवल्या. लांबलांबून लोक गाड्या करून वायनरी बघायला येतात. वेलीखाली उभे राहतात, द्राक्षाची वाईन कशी होते ते ऐकतात, संध्याकाळी धरणावर मावळतीचं ऊन बघत बसतात. फार छान वाटलं. परतीच्या रस्त्यात मात्र डोक्यात एकच घोळत होतं. ऊन आपल्याकडं आहे, बागाही आहेत. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, काटोल, नरखेड असा सलग संत्र्याचा पट्टा आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी पाहुणा आला की आपण त्याला शेगावला किंवा चिखलदऱ्याला नेतो आणि मोकळे होतो.

तुमचे अनुभव लिहा. ठिकाण लिहाल तसा महिना, दिवस, जमलं तर घड्याळातली वेळही लिहा. आपल्याकडची कितीतरी ठिकाणं अशी आहेत की अवेळी गेलं तर तिथं काहीच दिसत नाही.

वरूडचा बागायतदार

वहिनी, वेळेचं तुम्ही बरोबर बोलल्या. डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून साडूभाऊ सहकुटुंब आले होते. बाग बघायची हौस, म्हणून सरळ वावरात नेलं. झाडं मलूल, पानं कोमेजलेली, खाली पाचोळा. मेहुणीनं माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, बाग वाळली का गं? काही अडचण असेल तर सांग." तिचा आवाज भरून आला होता.

मग सगळ्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवलं आणि सांगितलं. बाग वाळली नाही, ताणावर आहे. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी तोडावं लागतं. हलकी जमीन असेल तर महिनाभर, भारी असेल तर त्याहून जास्त. वाढ थांबते, झाड अन्न साठवतं, आणि जानेवारीत पाणी दिलं की नव्या पालवीसोबत फुलं निघतात. पाऊस पडल्यावर फुटतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चात येतात. मेहुणी खाली बसून मातीवर हात फिरवत ऐकत होती.

पिवळी फळं लगडलेली बाग बघायची तर नोव्हेंबरात या. आणि फळ ओढून तोडू नका. देठाजवळची साल फाटली की ते सडतं, क्रेटमधल्या शेजारच्या फळांनाही लागतं. मी पाहुण्याच्या हातात आधी कात्री देतो. आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत डार्क झोनमध्ये गेलेला आहे, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं, तेव्हा बोअर किती खोल गेली तेही पाहुण्यांना दाखवतो. संत्र्याच्या गोडीत ते पाणीच तर आहे.

परतवाड्याची माहेरवाशीण

बहिरमची यात्रा! २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्याच्या टोकाला. पलीकडे मध्य प्रदेश.

आमच्या घरी बहिरमला जायचं म्हणजे आदल्या रात्रीच गोवऱ्या पोत्यात भरायच्या. तिथं पोचल्यावर झाडाखाली जागा धरायची. आजी आधी देवाला जायची. बहिरमबाबाची मूर्ती भली मोठी, शेंदूर आणि लोण्यानं माखलेली. आजी लोण्याचा गोळा हातात घेऊन जायची आणि परतताना तिच्या बोटांना शेंदूर लागलेला असायचा. तो ती पुसत नसे. त्याच हातानं रोडग्यांची कणीक मळायला बसायची.

रोडगा ज्यांनी फक्त हॉटेलात खाल्ला त्यांच्यासाठी सांगते. गहू जाडसर दळायचा. पुऱ्यांसारख्या तीन-चार पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या, कडा वर घेऊन तोंड बंद करायचं. गोवऱ्या पेटून धग निवाली की त्यात पुरायचे. कधी उलटायचे हे आजी वासावरून सांगायची. बाहेर काढले की फडक्यानं राख झटकायची, मुठीनं दाबून फोडायचा आणि आत तूप. सोबत वांग्याची भाजी. शेजारच्या चुलीवर मातीच्या हंडीत मटण शिजत असायचं. बहिरमची हंडी आमच्याकडं प्रसिद्ध आहे, पण आमच्यात आजीचं पान वेगळं, ती माळकरी.

आजी गेली त्या वर्षी आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी आईनं पोतं भरलं. रोडगे थोडे करपले. तरी सगळ्यांनी खाल्ले, कोणी बोललं नाही. आता माझी मुलगी विचारते, "आई, यंदा कोणत्या रविवारी?" पहाटे निघा, थंडी सोसायची तयारी ठेवा, आणि दुपारी चारपर्यंत तिथून हलायचं नाही.

सिंभोऱ्याजवळून

थोडक्यात लिहितो. अप्पर वर्धा धरण, तेरा दारं. पाऊस जोरात असला की ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. आवाज छातीत जाणवतो. लेकरांचा हात सोडू नका, नदीपात्रात उतरू नका.

तिवसा तालुक्यातली परिचारिका

गुरुकुंज मोझरी नागपूर–अमरावती महामार्गावर आहे, त्यामुळं जाता-येता गाडी थांबवून समाधीला हात जोडणारे पुष्कळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, यावलीचा. देह ठेवला ११ ऑक्टोबर १९६८ ला. पुण्यतिथी तिथीनं होते, कोजागिरीनंतरच्या पंचमीला.

मी नोकरीला लागले त्या वर्षी आरोग्य पथकात माझी तिथं ड्युटी लागली. सकाळपासून गर्दी. दिंड्या, खंजिरी, भजनं, भगव्या टोप्या. कोणाला भोवळ, कोणाच्या पायाला फोड. संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. मी एका म्हातारबाबांच्या टाचेला पट्टी बांधत होते. अचानक त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "थांब जी, पोरी." लाखो माणसं एकदम गप्प झाली. खंजिरी थांबली, लाउडस्पीकर थांबला, विकणारे थांबले. कुठल्या तरी तंबूवरचं कापड फडफडत होतं, तेवढं ऐकू येत होतं. अर्धी गुंडाळलेली पट्टी माझ्या हातात तशीच होती.

मौन सुटल्यावर बाबांनी स्वतःच पाय पुढं केला, "बांध आता."

पाहुण्याला नेणार असाल तर त्या दिवशी दुपारीच पोचा. तो दिवस साधला नाही तर संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जा. ती रोज असते.

आर्वीची सून

माझं माहेर कौंडण्यपूरच्या अलीकडचं आणि सासर आर्वीकडं. मध्ये वर्धा नदी. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर मानतात, त्यामुळं आम्हा बायांचा त्या गावाशी वेगळाच जीव आहे. अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णानं इथूनच नेलं, ही कथा आईनं मला त्याच देवळाच्या पायरीवर सांगितली होती. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथं दहीहंडी असते, तेव्हा नदीकाठ माणसांनी भरतो. आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. माहेरची पालखी, इतक्या लांब, पायी. ती निघते त्या दिवशी आमच्याकडची एक तरी बाई म्हणतेच, "बाई, आपल्या घरून कोणी भेटायला आलं की कसं वाटते, तसं वाटत असंल तिले."

मी मात्र पाहुण्यांना साध्या दिवशी नेते. सकाळी आठच्या आत. उंचावरून नदीचं वळण दिसतं, ऊन कोवळं असतं आणि देवळात कोणी नसतं.

अंजनगावचे गुरुजी

शकुंतला रेल्वे आता बंद आहे, म्हणून दाखवता येत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर, अरुंद रुळांची. या मुलखातला कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं टाकलेली लाईन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. माझ्या बदलीच्या वर्षांत शनिवारी मी त्या गाडीनं गावी यायचो. गाडी इतकी हळू की खिडकीतून कपाशीची बोंडं मोजावीत. एकदा वाटेतल्या स्टेशनवर एक आजीबाई धावत येत होत्या. गार्डनं हात दाखवला, गाडी थांबली, कोणीतरी त्यांचं गाठोडं वर घेतलं. हे रूळ पुन्हा सुरू झाले, तर दुसरं काही बांधायची गरज नाही. खिडकीतून दिसतं तेच पुरेसं आहे.

चांदूर रेल्वेहून

सावंगा विठोबाचं कोणी लिहिलं नाही अजून. गुढीपाडव्याला जा. अवधूत महाराजांच्या या देवस्थानात कापूर जाळतात, आणि तो किती याचा अंदाज गेल्याशिवाय येत नाही. धुरानं डोळे चुरचुरतात, रात्री अंगावरच्या कपड्यांना वास असतो. देवळापुढं सत्तर फुटांहून उंच दोन झेंडे आहेत. वर्षातून एकदा त्यांना नवी खोळ चढवतात, आणि चढणारा माणूस झेंड्याला पाय लागू देत नाही. खाली उभे असलेले सगळे मान वर करून श्वास रोखून असतात. दम्याच्या माणसानं लांबूनच बघावं.

आणि महाशिवरात्रीला सालबर्डी. माडू नदी, डोंगरातली गुहा, आत महादेव. वाट चढाची आहे, गर्दीत तास-दोन तास उभं राहावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना यात्रेनंतर चार दिवसांनी न्या.

मोर्शीकर वहिनी

सगळं वाचलं. बहिरमचं वाचून तर मी यांना हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

माझं स्वतःचं राहिलं होतं, ते लिहिते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. शेतीच्या पंपाला आमच्याकडं बरेचदा रात्रीची लाईन असते. दीड-दोनला लाईट आली की आम्ही दोघं वावरात जातो. मी टॉर्च धरते, हे वाफ्यांचं पाणी फिरवतात. गेल्या वर्षी नणंद आली होती, म्हणाली, वहिनी, मीही येते. नाशिकची सवय, स्वेटर जाड, पायात बूट. बांधावर पोचायच्या आधीच ती थबकली, "वहिनी, हा वास कशाचा?"

सगळी बाग फुलली होती. संत्र्याचं फूल दिवसा बघितलं तर लहानसं, पांढरं, पाच पाकळ्यांचं. रात्री थंड हवेत मात्र तो वास जमिनीलगत साचून राहतो. मी टॉर्च बंद केली. आधी काही दिसेना, मग हळूहळू झाडं उजळत गेली, एकामागून एक, पार धुऱ्यापर्यंत. वाफ्यात पाणी शिरल्याचा आवाज येत होता.

नणंद बूट काढून ओल्या मातीत उभी राहिली. यांनी विचारलं, "बाई, थंडी नाही वाजत?" तिनं नुसतं नाही म्हणून मान हलवली. लाईट जाईपर्यंत ती तिथंच होती.