उत्तर: उत्तर: मनवाचा फॉर्म, ओसीआय आणि नागपूर (शुक्रवारच्या आत)

प्रेषक: वैशाली

मंडळी, नमस्कार. शुक्रवारी फॉर्म द्यायचाय म्हणून सगळ्यांनाच टाकतेय. मनवाने धर्म-अभ्यास हे मेजर घेतलंय हे कोजागिरीला सगळ्यांना कळलंच, तेव्हा 'का घेतलं' हा विषय पुन्हा नको, प्लीज. जुलै ते ऑक्टोबर नागपूरला राहून पाली शिकायची, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यावर चौथ्या वर्षाचा प्रबंध लिहायचा, असा बेत आहे. राहायला धरमपेठेत आई आहेच. घोडं अडलंय एका रकान्यावर. कॉलेज विचारतंय, 'कामाचे स्वरूप'. 'संशोधन' लिहिलं तर ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) चालत नाही म्हणे. 'शिक्षण' लिहिलं तर प्रबंधाचे क्रेडिट जातात. काय लिहू?

प्रेषक: शरद

'आजीला भेटायला' लिही आणि मोकळी हो. सरकारी कागदावर जितकं कमी तितकं बरं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. आणि पाली कशाला? आधी संस्कृत पक्कं करा, पाली आपोआप येते. रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आहे. जाता जाता वाकाटकांचं केवल-नरसिंहाचं देऊळही पाहील, पाचव्या शतकातला शिलालेख आहे तिथे. बाकी गणपतीला दरवर्षी भटजीची पंचाईत होते, ती आता मिटेल म्हणायची!

प्रेषक: अश्विनी

काका, ही भटजी व्हायची पदवी नाही. १९६३ साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं बायबलचं भक्तिपाठासारखं वाचन बंद केलं, पण धर्मांचा तटस्थ अभ्यास शिकवायला हरकत नाही असंही त्याच निकालात म्हटलं. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत हे विभाग वाढले. इंग्लंडमध्ये लँकेस्टरला १९६७ मध्ये असा विभाग निघाला. मुलं त्यात इतिहास, मानववंशशास्त्र आणि एखादी जुनी भाषा शिकतात. त्यातली बरीच पुढे लॉ स्कूलला जातात, तिथे मेजरची अट नसते.

वैशाली, 'आजीला भेटायला' अजिबात लिहू नकोस. प्रबंधासाठी माणसांच्या मुलाखती घ्यायच्या म्हणजे कॉलेजच्या आयआरबीपुढे (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) अर्ज जाणार, आणि त्या मंजुरीपत्रात 'संशोधन' हाच शब्द असणार. एका कागदावर संशोधन आणि दुसऱ्यावर आजी, हे कुणी जुळवून पाहिलं तर पोरगी अडकेल. भारताच्या गृहमंत्रालयाची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना काढून वाच. ओसीआयवाल्यांना संशोधन, मिशनरी काम, तबलीग, पत्रकारिता, गिर्यारोहण यांसाठी खास परवानगी लागते. लागते म्हणजे मिळत नाही असं नव्हे. एफआरआरओकडे (भारतातलं परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय) किंवा इथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करायचा.

प्रेषक: शरद

गिर्यारोहण? म्हणजे मागच्या डिसेंबरात आपण सगळे ओसीआयवाले कळसूबाई चढलो, ते काय होतं?

प्रेषक: मिलिंद

काका, कळसूबाईला शिडी आहे, घाबरू नका.

पालीआधी संस्कृत हवं हे मला मान्य नाही. माझी आजी संस्कृतचं एक अक्षर न शिकता रोज त्रिसरण-पंचशील पालीत म्हणायची. मनवा ज्या बायकांशी बोलणार त्याही तेच म्हणतात. संस्कृत शिकावं, जरूर शिकावं, पण या प्रबंधाला आधी पालीच लागेल.

वैशालीताई, बेताबद्दल एक सांगतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं असतात. पुस्तकांच्या स्टॉलपुढे धड उभं राहता येत नाही, तिथे निवांत मुलाखत कोण देणार? बाया गावाहून लेकरं घेऊन आलेल्या असतात, परतीच्या गाडीची घाई असते. त्यापेक्षा आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी मुक्काम) असतो, म्हणजे तिच्या राहण्याचाच काळ. तेव्हा विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन चालतं आणि बसलेल्यांत बाया जास्त. इंदोऱ्याच्या विहारात महिनाभर नुसतं बसू दे तिला. ओळख झाली की त्याच बोलतील. दीक्षाभूमीला त्यांच्याच सोबत जाऊ दे. आणि तिकिटं काढताना तारीख बघा. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा दसरा १४ ऑक्टोबरला आला होता. मुख्य सोहळा दसऱ्याला असतो, पण १४ ऑक्टोबरलाही लोक येतात.

प्रेषक: रमेश (नागपूर)

काहून एवढं लिहून राहिले बाप्पा, शुक्रवार निघून जाईन! मी इथं बसलो आहे, मला विचारा ना.

नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे, पण पदव्युत्तर. बी.ए.च्या पोरीला चार महिन्यांसाठी बसू देतात का, ते विभागप्रमुखांना आत्ताच पत्र टाकून विचारा. खरी गोम पुढं आहे. इकडच्या हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे होतात. पोरगी ऑक्टोबरात परत गेली तर परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. मग तुमचं कॉलेज क्रेडिट कशावर देईन? एक तर डिसेंबरपर्यंत ठेवा, नाही तर शिकवणी लावा.

धरमपेठेतून इंदोरा लांब वाटते, पण आता मेट्रो आहे. शंकरनगरला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, इंदोरा चौकात उतरायचं. आजीला म्हणा, नातीला ऑटोनं पाठवू नका. आणि ताजबाग बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका तिला. दीक्षाभूमीला जाणाऱ्या किती बाया ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावरही जातात, ते एकदा विचारून पाहू दे.

प्रेषक: अश्विनी

रमेशभाऊंचा परीक्षेचा मुद्दा बरोबर आहे. वैशाली, पालीचे क्रेडिट तिच्या इथल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली स्वतंत्र अभ्यास म्हणून मिळतात का विचार. मग गुणपत्रिकेची गरजच उरणार नाही.

प्रेषक: वैशाली

ठीक. रकान्यात दोन्ही लिहितेय: 'पाली भाषेचे शिक्षण, प्रबंधासाठी मुलाखती, आयआरबी मंजुरी व भारत सरकारच्या परवानगीनंतरच'. परवानगीला उशीर झाला तर पाली शिकेल, विहारात बसेल, मुलाखती घेणार नाही. मनवाला हे पटलंय. ताजबागचंही तिने लगेच लिहून घेतलं. वकिलातीत असा अर्ज कुणी केला असेल तर मला वेगळं लिहा. शरदकाका, तुमच्याकडचा पाली शब्दकोश शनिवारी न्यायला येते.

प्रेषक: सुलभा (ग्रंथालय)

तो शब्दकोश शरदरावांचा नाही, मंडळाचा आहे. त्यांच्या गॅरेजातून परस्पर न्यायचा नाही. आधी माझ्याकडे आणा, वहीत नोंद होईल, मग मनवाला मिळेल. अनामत वीस डॉलर.